दिवाळीचा किल्ला २०२३: कॉर्फ, तोही पडका

२ सप्टेंबर, शनिवार

विषय ठरला. गेल्या वर्षी प्रतापगड केला, त्याआधी सिंधुदुर्ग. यंदा थोरलीचा हट्ट, की जो किल्ला आपण गाडीतून येताजाता बघतो तोच करायचा. आम्ही राहतो इंग्लंडात, डॉर्सेटमधल्या पूल या गावी. स्वॉनेजच्या समुद्रावर जाताना वाटेत डोंगररांगेला खिंड पडते आणि त्या खिंडीत सुट्या टेकडीवर कॉर्फ कासल उभा असतो. उभा म्हणजे, जेवढा उरलाय तेवढा.

माप १:१००. टेकडी खरी ५५ मीटर, म्हणजे आपली ५५ सेंटिमीटर. तिच्या माथ्यावरचा मनोरा, ज्याला इथे सगळे कीप म्हणतात, तो २१ मीटर, म्हणजे २१ सेंटिमीटर. हिशेब सोपा, म्हणून हेच माप. अख्खा किल्ला केला तर बाग पुरायची नाही. म्हणून बालेकिल्ला, मनोरा आणि नैर्ऋत्येचा दरवाजा एवढंच करायचं, मधली तटबंदी आखडती घ्यायची.

धाकट्याचा प्रश्न: "पण तो तुटलेला करायचा की नवीन?" थोरलीचं उत्तर तयार होतं. नवीन कशाला, तो तर गावात आहेच. खरं आहे. कॉर्फ गावात एक मॉडेल व्हिलेज आहे, १:२० मापाचं. त्यात अख्खं गाव आणि १६४६ साली सुरुंगाने पाडला त्यापूर्वीचा धडधाकट किल्ला आहे. तेव्हा आपण पडका करायचा.

३ सप्टेंबर

अप्पांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्यांना पटलं नाही. "अगं, दिवाळीत पडका किल्ला करतात का कुठे? आणि पडकाच बघायचा तर इंग्लंडातला कशाला? अलंग-मदन-कुलंगच्या पायऱ्या कुणी उडवल्या, विचार त्यांना."

अप्पांचं आयुष्य नाशकात गेलं, त्या भागातले किल्ले त्यांच्या पायाखालचे. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने नाशिक-खानदेशातल्या किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून मोडल्या, हे त्यांनी आम्हाला लहानपणी कड्याच्या काठावर उभं करून दाखवलेलं आहे. मी म्हटलं, अप्पा, तीच गोष्ट आहे ही. फक्त पावणेदोनशे वर्षं आधीची, आणि त्यांनी त्यांच्याच किल्ल्याला केलेली. अप्पा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग पाया नीट बघून ये."

९ सप्टेंबर

पाहणी. सप्टेंबर महिना आणि पारा तिशीच्या वर. आठवडाभर असंच चाललंय, इथल्या लोकांना कौतुक आणि त्रास दोन्ही. खालून स्वॉनेज रेल्वेचं वाफेचं इंजिन शिट्टी मारत गेलं, त्यामुळे धाकटा अर्धा वेळ कठड्याशीच.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, नोकरीत भेगाच बघते. तरी नैर्ऋत्य दरवाजापाशी बराच वेळ खिळून राहिले. दोन बुरूज आणि मध्ये कमान, असा हा दरवाजा. त्यातला एक बुरूज, त्याच्याबरोबर कमानीचा अर्धा भाग, उतारावरून तसाच्या तसा खाली सरकलाय. चिरा न् चिरा जागच्या जागी, बुरूज उभाच्या उभा, फक्त खाली. कमानीचे दोन अर्धे आता वेगवेगळ्या उंचीवर. भेग बरोबर दरवाजाच्या पोकळीतून गेली आहे, कारण भिंतीत भार पेलायला तिथेच सगळ्यांत कमी दगड. पायाखाली सुरुंग खणले, दारू ठासली, बत्ती दिली. बुरूज उडाला नाही. त्याच्याखालची जमीन गेली आणि तो बसला.

वर मनोऱ्यापाशी वेगळा प्रकार. तिथे भिंतींचे लांबट सुळके उरलेत, आणि उतारावर प्रचंड ढेकळं पडलीत. ढेकळं म्हणजे सुटे दगड नव्हेत, भिंतीचे अख्खे तुकडे. चुना अजून धरून आहे. भिंत कशी बांधली होती तेही त्या तुकड्यांत उघडं पडतं: दोन्ही बाजूंना घडीव चिऱ्यांची कातडी, मध्ये डबर आणि चुन्याचा गच्च भराव. दगड इथलाच, पर्बेकचा चुनखडी. पावसाने झिजलेली, झाडांच्या मुळांनी फोडलेली भिंत अशी पडत नाही. ती वरून सुटत जाते, एकेक चिरा. कॉर्फचा मनोरा खालून गेलाय.

म्हणजे आपल्याला जे करायचंय ते पडझडीचं मॉडेल नाही, पाडकामाचं आहे. ते नुसतं वेडंवाकडं थापून होणार नाही.

१० सप्टेंबर

टेबलावर कागद पसरले. १५७२ साली एलिझाबेथ राणीने हा किल्ला सर क्रिस्टोफर हॅटनला विकला. त्याच्यासाठी राल्फ ट्रेसवेल नावाच्या मोजणीदाराने १५८६ साली किल्ल्याचे आराखडे काढले. किल्ला पडायच्या साठ वर्षं आधीची मोजणी, आपल्याला आणखी काय हवं! त्यावरून धडधाकट मनोरा आणि माझ्या फोटोंवरून उरलेला मनोरा, दोन्ही एकाच कागदावर काढले.

मनोरा पहिल्या हेन्रीच्या काळचा, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याच्या शेजारी जॉन राजाने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतःसाठी वाडा बांधला, त्याला ग्लोरिएट म्हणायचे. हा जॉन म्हणजे मॅग्ना कार्टावाला. त्याने आपली पुतणी एलिनॉर हिला इथे कैदेत ठेवलं होतं, आणि १२०२ साली पकडलेल्या फ्रेंच सरदारांपैकी २२ जणांना इथेच उपाशी मारलं असं सांगतात. मुलांना एवढंच सांगितलं की राजा फार चांगला नव्हता.

रंगावरून वाद. तिसऱ्या हेन्रीने १२४४ साली हुकूम काढून मनोऱ्याला पांढरी सफेदी करवली होती. त्याच्या चार वर्षं आधी लंडनच्या टॉवरला केली होती तशीच. हिरव्या टेकडीवर पांढराशुभ्र मनोरा, मैलोन् मैल दिसणारा. थोरलीला पांढराच हवा. मी म्हटलं, पडका करतोय ना, मग चारशे वर्षांपूर्वीची सफेदी कुठे राहील? तडजोड: भिंतीच्या आतल्या एका कोपऱ्यात चुन्याचा एक पुसट हात. इतिहासाच्या दृष्टीने त्याला आधार नाही. घरातल्या शांततेच्या दृष्टीने आहे.

१६ सप्टेंबर

टेकडी. खाली जुन्या विटा, वर बागेतली माती, त्यावर गोणपाट. गोणपाट गार्डन सेंटरात मिळालं, तिथे ते झाडांना थंडीत गुंडाळायला विकतात. माती इथली चिकण, पाणी धरून ठेवते, एका अर्थाने आपल्या कामाला उत्तम. शेडच्या आडोशाला बांधलंय, तरी वर ताडपत्रीची सोय केली.

मंगळवारी गणपती. दहा दिवस किल्ला बंद.

१ ऑक्टोबर

मनोरा कसा करायचा, यावर थोरलीने जी युक्ती काढली ती मला ऑफिसात सुचली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, पडका करायचाच नाही. नीट बांधायचा आणि मग त्यांनी पाडला तसा पाडायचा. जे उरेल ते कॉर्फ.

मग तसंच ठरलं. बाहेरून बारीक कापलेल्या चुनखडीच्या चिपा, मध्ये खडी आणि चुना. चुना साधा कळीचा वापरला तर हवेतून घट्ट व्हायला फार वेळ घेतो, दिवाळी निघून जाईल. म्हणून पाण्याशी धरणारा चुना, एन.एच.एल. ३.५. इथे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीला तो सर्रास मिळतो. सिमेंट नको, हे मी आधीच सांगून टाकलं. सिमेंटमध्ये भिंत दगडापेक्षा टणक होते आणि मग भेग सांध्यातून न जाता दगडच फोडते. जुन्या इमारतींचं इथे याच पायी किती नुकसान झालंय ते मी रोज बघते.

८ ऑक्टोबर

मनोऱ्याआधी सुट्या भिंतींवर चाचणी. हाताएवढ्या लांबीच्या छोट्या भिंती, चुन्याचं प्रमाण वेगवेगळं, खालची माती चमच्याने कोरून काढायची आणि बघायचं.

एकास पाच वाळू: भिंत पडता पडताच भुगा. एकास तीन: तुकडे झाले, पण फार बारीक. एकास दोन, मिश्रण थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट, आणि खडी लहानमोठी मिसळून: भिंत बाहेरच्या बाजूला कलली, खिडकीच्या कोपऱ्यातून तडकली आणि दोन मोठी ढेकळं होऊन खाली गेली. एक उलटं पडलं. कॉर्फच्या उतारावर आहेत अगदी तशी.

धाकट्याने टाळ्या वाजवल्या. मी मोजपट्टी काढली.

१५ ऑक्टोबर

घरात घट बसले, बाहेर मनोऱ्याचा दुसरा मजला. एक दार मुद्दाम ठेवलंय. २००६ साली मनोरा धोकादायक झाला म्हणून बंद केला होता. मग नॅशनल ट्रस्टने, म्हणजे इथल्या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेने, दुरुस्ती काढली, २००८ साली परत उघडला. त्या कामात एक दार सापडलं, राजाने लोकांना दर्शन देण्यासाठीचं. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे झरोका. दिल्लीच्या बादशहाला होता तसा."

थंडी वाढतेय. रात्री पारा पाचच्या खाली जाणार असेल तर चुन्याचं काम करत नाहीत. ओल्या चुन्यात पाणी गोठलं की फुगतं आणि सांधा मोकळा होतो. संध्याकाळी ओलं गोणपाट, त्यावर जुनी रजई. शेजारच्या आजींनी कुंपणावरून बघितलं आणि विचारलं, आजारी आहे का कोणी?

२४ ऑक्टोबर, दसरा

आज मोडतोड नाही, अप्पांची सक्त ताकीद. फक्त शस्त्रपूजा: थापी, करणी, ओळंबा, चमचा. सोनं म्हणून आपट्याऐवजी अंगणातली पिवळी पानं वाटली.

२८ ऑक्टोबर, कोजागिरी

पाडला.

आधी मुलांना गोष्ट सांगितली, कारण कोण कशासाठी पाडतंय हे माहीत नसेल तर नुसती मस्ती होते. राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध. किल्ला १६३५ पासून बँक्स घराण्याचा, राजाच्या बाजूचा. सर जॉन बँक्स राजाबरोबर बाहेर, किल्ल्यात त्यांची पत्नी मेरी. १६४३ साली पार्लमेंटच्या सैन्याने वेढा घातला. सैनिकांना भिंतीपर्यंत सुखरूप न्यायला त्यांनी लाकडी छपराच्या गाड्या केल्या, एकीचं नाव डुकरीण आणि दुसरीचं रानडुक्कर. बंदुकांना गोळ्या हव्यात म्हणून चर्चच्या छताचं शिसं काढलं. वरचा भाग मेरीबाई, त्यांच्या मुली, दासी आणि पाच सैनिकांनी लढवला, वरून दगड आणि निखारे टाकून. सहा आठवड्यांनी वेढा उठला. ही हकीकत राजाच्या पक्षाने छापलेल्या पत्रकातली आहे, तेव्हा निखारे थोडे कमी करून घ्यावेत.

पुढे पुन्हा वेढा पडला आणि फेब्रुवारी १६४६ मध्ये किल्ला पडला, तोही फितुरीने. पिटमन नावाचा शिबंदीतलाच अधिकारी. कुमक आणतो म्हणून गेला आणि शत्रूचे लोक आत घेऊन आला. पार्लमेंटने लगेच मार्चमध्ये ठराव केला: किल्ला मोडून टाका. कारण अगदी व्यवहारी. किल्ला ठेवायचा तर शिबंदी ठेवा, तिला पगार द्या, आणि तरी कधीतरी तो परत शत्रूच्या हातात जायचा. त्यापेक्षा एकदाच दारूचा खर्च. अलंगच्या पायऱ्यांचा हिशेबही हाच होता.

मग काम. मनोऱ्याखालची माती तीन बाजूंनी कोरली, कोरताना काडेपेटीच्या काड्यांचे टेकू. सुरुंगाच्या दारूआधीच्या काळात असंच करायचे: पाया पोकळ करायचा, लाकडी टेकू द्यायचे आणि शेवटी ते जाळायचे. आम्ही जाळले नाहीत, दोऱ्याने ओढले. काड्या निघाल्या तरी भिंत तशीच उभी. चुना चांगला धरला होता. धाकटा फुंकर मारायला वाकला, तेवढ्यात एक कोपरा बसला. मग ठरल्यासारखं सगळं: भेग खिडक्यांच्या रांगेतून वर चढली, एक भिंत पूर्ण बाहेर पडली, दुसरी अर्ध्यातून मोडली, आणि ज्या बाजूला आम्ही कोरलंच नव्हतं तिथला सुळका सरळ उभा राहिला.

फोटोशी ताडून पाहिलं. हुबेहूब नाही, पण जात तीच. पडलेली ढेकळं जिथे पडली तिथेच ठेवायची, कोणी हलवायची नाहीत, असा नियम केला.

दरवाजासाठी ही पद्धत नको. तो बुरूज सरकला पाहिजे, पडता कामा नये, आणि ते नशिबावर सोडणं परवडणार नाही. दोन अर्धे वेगळे बांधून एक खाली बसवला.

२ नोव्हेंबर

किआरान वादळ. डॉर्सेटमधल्या बऱ्याच शाळा बंद, आमचीही. पहाटे ताडपत्रीचा आवाज ऐकून हे आणि मी दोघंही बाहेर. ताडपत्री शेजारच्या कुंपणावर, टेकडीचा एक उतार धुऊन गेलेला. मनोऱ्याला काहीही झालेलं नाही. दरवाजाचा सरकलेला बुरूज आणखी जरा सरकलाय. तसाच ठेवला, आता तो जास्त खरा दिसतो.

४ नोव्हेंबर

उतार परत थापला, हळीव पेरले. इथे हळिवाला क्रेस म्हणतात, सँडविचमध्ये घालतात, शाळेत मुलं ते ओल्या कापसावर रुजवतात. त्यामुळे बी शोधावं लागत नाही. थंडीमुळे वर प्लॅस्टिक झाकलं.

५ नोव्हेंबर

आज इथे दारूकामाची रात्र. १६०५ साली पार्लमेंटच्या तळघरात दारूची ३६ पिंपं सापडली, त्याची आठवण म्हणून दरवर्षी फटाके उडवतात. आपल्याला ही सोय बरी पडते, दिवाळीचे फुलबाजे आत्ताच घेऊन ठेवायचे. थोरलीने विचारलं, पार्लमेंट उडवलं तर गुन्हा, आणि पार्लमेंटने किल्ला उडवला तर ठराव? तिच्या बाबांना उत्तर द्यायला सांगितलं. ते भाजी चिरायला गेले.

९ नोव्हेंबर, वसुबारस

हळीव उगवले. पणत्यांच्या जागा ठरल्या.

आता महाराज कुठे बसवायचे, हा मोठा प्रश्न. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज हवेतच, आणि कॉर्फच्या पडक्या मनोऱ्यावर त्यांना बसवणं मला मनापासून पटत नव्हतं. शिवाय १:१०० मापात माणूस पावणेदोन सेंटिमीटरचा, आणि पुण्याहून आणलेले मावळे बुरुजाच्या निम्म्या उंचीचे. धाकट्याने निकाल दिला: महाराज किल्ला बघायला आलेत, म्हणून खाली वाटेवर. मावळे गाडीतळावर. तिकीट लागणार नाही, आपली नॅशनल ट्रस्टची मेंबरशिप आहे.

अप्पांना विचारलं. हसले, म्हणाले, महाराज आधी सरकलेला बुरूज बघतील आणि सुरुंग कुठून खणला ते विचारतील.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

बरीच मंडळी आली. बोर्नमथची मराठी कुटुंबं, शेजारच्या आजी, थोरलीच्या दोन मैत्रिणी. आजींनी कॉर्फ लगेच ओळखला, आणि सांगितलं की गावातल्या जुन्या घरांमध्ये किल्ल्याचे दगड बसलेत, पाडल्यावर लोकांनी बांधकामाला नेले. खरी गोष्ट आहे, काही दारांच्या चौकटींवर अजून घडीव काम दिसतं.

कोणीतरी विचारलं, मग मालकांचं काय झालं? राजेशाही परत आल्यावर बँक्स घराण्याला जमीनजुमला परत मिळाला. त्यांनी पडका किल्ला पुन्हा बांधला नाही, किंग्स्टन लेसीला नवं घर बांधलं. मेरीबाईंच्या शौर्याचा मान म्हणून किल्ल्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे राहू दिल्या होत्या म्हणे, त्या आजही त्या घरात टांगलेल्या आहेत. दरवाजा नाही, किल्ल्या आहेत. पुढे राल्फ बँक्स यांनी मृत्युपत्राने किल्ला, घर आणि जमीन असं सगळंच नॅशनल ट्रस्टला दिलं, १९८१ साली.

चकल्या संपल्या. एका पाहुण्याने पडलेलं ढेकूळ उचलून परत मनोऱ्यावर ठेवलं, "सुटलंय बघा" म्हणत. धाकट्याने ते काही न बोलता पुन्हा खाली नेऊन ठेवलं.

१८ नोव्हेंबर

आवराआवर. महाराज आणि मावळे कापसात. विटा शेडमागे. टेकडीची माती वाफ्यात. हळीव कापून कोशिंबिरीत. मनोरा काही केल्या सुटेना, शेवटी फळीसकट गॅरेजमध्ये ठेवला.

पुढच्या वर्षासाठी: चुना ऑगस्टमध्येच आणायचा. ताडपत्रीला कडी असलेले खिळे. गोणपाट दुप्पट. किल्ला कुठला ते अप्पा सांगणार, बहुतेक कुलंग, आणि या वेळी पायऱ्यांसकट हवा असं त्यांचं म्हणणं आहे. थोरली म्हणते, आधी पायऱ्या बांधू, मग बघू.